देवापुढचा पुडा

शेजारच्या सुमनकाकूंच्या देवघरात पेढ्यांचा पुडा आहे, अजून दोराही न सोडलेला. त्यांचा मुलगा खुनाच्या खटल्यातून जिल्हा न्यायालयात निर्दोष सुटला, त्याच संध्याकाळी आणलेला.

"वाटणार कधी?" मी विचारलं.

"वकील म्हणाले, अपिलाची मुदत जाऊ दे. मेलेल्याच्या घरचे हायकोर्टात जायचं म्हणतायत."

हरलेल्यासाठी वरचं दार उघडं असावं, हे मलाही पटतं. पण त्या दारातून येणारा गार वारा सुटलेल्याच्या घरात फिरत राहतो. मुलगा जेवतो, पण घास हातात धरून रस्त्याकडे बघत बसतो. पुड्याला मुंग्या लागल्यात. काकू त्या झटकतही नाहीत.

एवढ्यात फाटक वाजलं. काकूंनी देवापुढचा पुडा उचलून पदराखाली झाकला, मुलाला हळूच म्हणाल्या, "तू आत जा," आणि मग कडी काढली.