आज बॅकअप काढा

कोपरच्या दर्शना भोईरचं काम नेमकं काय, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. ठाण्यात खोपटजवळ जुनी ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या एका कंपनीत ती आहे. डिस्कवरचे बॅकअप टेपवर उतरवायचे आणि टेपा कपाटात नीट ठेवायच्या. आई शेजारणींना सांगते, "पोरगी कॅसेटी भरते." समजावायचा नाद दर्शनाने कधीच सोडला. आणि खरं सांगायचं तर आई फारशी चुकतही नाही.

त्या दिवशी मात्र दर्शनाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बंद केलेल्या एका सर्व्हरचे बॅकअप डिस्कवर तसेच पडून होते. सर्व्हरच गेल्यामुळे त्यांना कुणी वाली नव्हता आणि आपोआप टेपवर जाणंही थांबलं होतं. त्या जागा अडवून बसलेल्या पसाऱ्यात तिला चक्क बायजाआत्या सापडली! बायजाआत्या म्हणजे नावाजलेली धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय गावातल्या आगऱ्यांची लग्नं लागत नसत. पण घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, उरली नुसती कुजबूज. तिचं एकुलतं एक रेकॉर्डिंग सर्व्हरबरोबरच गेलं, असं सगळे धरून चालले होते. आता आत्याच्या नातीच्या, संचिताच्या हळदीत तेच वाजवायचं! विभागप्रमुख हरिहर सरांनी होकार दिला आणि दर्शनाने आत्याला फोनवर शब्दही देऊन टाकला.

डबा खाऊन ती जागेवर आली, तर शेजारच्या टेबलावरचा प्रफुल्ल भलताच खुशीत.

"बघ, डिस्क मोकळी करतोय! सरांचा मेसेज आलेला."

मेसेज असा होता: 'जुन्या सर्व्हरचे उरलेले बॅकअप आज काढा.'

"अरे, काढा म्हणजे टेपवर काढा!" दर्शना किंचाळलीच.

"मी काढून टाकतोय!"

तिने त्याच्या हातातला माउस हिसकावला आणि काम थांबवलं. मग तिने सरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बॅकअप काढणे म्हणजे बॅकअप घेणे. इतकं साधं मराठी कळू नये?" सर कडाडले.

"मग सर, केर काढणे म्हणजे केर घेणे का?" प्रफुल्लने विचारलं.

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग सर हळूच म्हणाले, "काय उरलंय ते बघा आधी."

गेलं होतं ते सगळं तात्पुरत्या फायलींचं भुसकट. मोठे बॅकअप रांगेत मागे होते, म्हणून आत्या वाचली! प्रफुल्लने कानाला हात लावले आणि स्वतःच नवी टेप आणून यंत्रात घातली. यंत्र घरघरू लागलं. मध्येच डिस्क अडखळली, पडद्यावर लाल अक्षरं आली, तेव्हा दर्शनाने शिवमंदिराला नारळसुद्धा बोलला. दुसऱ्या खेपेला गाडी सुरळीत चालली. पण टेपवर गेलं म्हणजे झालं असं नसतं. टेपवरून परत वाचून बघावं लागतं. तिने ते वाचलं, हेडफोन लावला, आणि कानात आत्याचा खणखणीत आवाज उसळला. दर्शनाने आनंदाने टेबलावर असा हात आपटला की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली.

हळदीच्या मांडवात संचिताने डीजेवाल्याला दटावून गप्प केलं. दर्शनाने स्पीकर लावला आणि धवला सुरू झाला. गोंगाट विरला. म्हाताऱ्या बायका दचकून आत्याकडे बघू लागल्या, कारण आवाज तिचाच होता आणि तोंड मात्र मिटलेलं. आत्या डोळे मिटून ऐकत होती. पहिलं कडवं संपलं तसे तिने डोळे उघडले, शेजारी उभ्या दर्शनाला जोरात चिमटा काढला आणि कुजबुजली,

"नुसती ऐकतंस काय गो? आवाज काढ!"

आणि दर्शनाने काढला.