फुईचं पथ्य

फुईने आमच्या घरात बावीस वर्षं स्वयंपाक केला आणि त्यातलं निम्म्याहून अधिक कधी चाखलं नाही. ती वडिलांची धाकटी बहीण. खानदेशातून सुरतेजवळच्या उधन्याला आलेल्या आमच्या घरात आत्याला फुई म्हणतात. थंडीत ती भरताची वांगी भाजायला बसली की शेजारपाजारचे वाट्या घेऊन हजर. मीठ मात्र ती माझ्या जिभेवर जोखायची. "पोरी, बराबर शे ना?"

तिच्या हातांवर कोड होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, "बरी झाली की नेतो" म्हणाला आणि वर्षभरात दुसरी करून मोकळा झाला. गावच्या वैद्याने पथ्य दिलं: वांगं, दही, ताक, लिंबू, चिंच बंद. दूध पांढरं, म्हणून तेही बंद. वडील ते पथ्य डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. मायेपोटीच, हेच तर वाईट. मजुरीवर आणलेल्या साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता फुई स्वतःवरच हसून म्हणायची, "मन्हापेक्षा देव बरा. त्याले निवद तरी दाखाडतस."

कॉलेजात असताना मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, रक्त तपासलं. रक्त फारच कमी निघालं. पथ्याची यादी ऐकून त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बेन, बधुं खाओ. खावाथी आ नथी थतुं." सगळं खा, खाण्याने हे होतच नाही! बाहेर येताच मी हरखून ताकाचा ग्लास तिच्या हातात दिला. तिने तो तसाच परत केला.

"दादाले सांगू नको," ती म्हणाली. "पथ्य शे तोवर त्याले वाटस, मी बरी व्हसू. ते बी काढी लिधं ते काय उरनं?"

मी सांगितलं नाही. मला तेव्हा तो समजूतदारपणा वाटला होता.

पुढे मला पाहायला पाहुणे आले. फुई चहा घेऊन आली आणि मुलाच्या आईची नजर तिच्या हातांवर खिळली. "हे तुमच्या रक्तात आहे का?" ट्रे खाली ठेवून फुईच म्हणाली, "नही बाई. मासा खाईसन वर दूध पिनू, म्हनीसन व्हयनं. मन्हीच चूक."

जन्मात मासा न शिवलेली बाई ती! खरं काय ते मला ठाऊक होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले. लग्न जमलं. हळदीच्या दिवशी माझ्या आईने तिला आतल्या खोलीत बसवलं, पाहुण्यांसमोर तिचा हात माझ्या अंगाला लागायला नको म्हणून. मी बाहेर पाटावर बसून हळद लावून घेतली.

फुई गेल्या वर्षी गेली, पथ्य न मोडता. परवा माझ्या लेकीने मासे खाल्ल्यावर दूध मागितलं. सासूबाई ओरडल्या, "खबरदार! तुझ्या आईच्या फुईने हेच केलं होतं." लेकीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "खरंच गं आई?"

मी हो म्हटलं.