नरक्याच्या राईतला कौल

नरक्याचं झाड कुणी विकत घेईल, हे रायबाला आधी खरंच वाटलं नाही. त्याची साल खरवडली की मेल्या घुशीसारखी घाण सुटते. चुलीत घालायला नको, दावणीच्या खुंट्याला नको, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. कुणालाच नको म्हणून काळकाई देवीच्या राईत हे झाड सुखानं वाढलं होतं, आणि त्याच्याच मुळ्यांच्या जाळ्यातून झरा वाहायचा. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतल्या म्हशी भर उन्हाळ्यात तिथंच पाणी प्यायच्या.

रायबाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोन कामं चालत आलेली. म्हशी राखायच्या आणि काळकाईला कौल लावायचा. गावाला काही विचारायचं असलं की रायबा झऱ्याचं पाणी ओंजळीत आणी, दोन पाकळ्या भिजवी आणि देवीच्या शेंदरी दगडाला डाव्या-उजव्या अंगाला चिकटवी. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. बाकी माणूस अगदीच भित्रा. कुठं आवाज चढला की हा काठी उचलून म्हशींमागं चालता होई. त्याची बायको भागूबाई म्हणायची, "तुमच्या तोंडात जीभ घालायची आई इसरली बगा."

दोन हजार सालाच्या आगेमागे एक व्यापारी आला आणि नरक्या किलोवर मागायला लागला. लाकूड, मुळं, साल, काहीही चालेल. माल न्यायला कापूरहोळचा एहसान टेम्पो घेऊन यायचा. नाकाला फडकं बांधून तो रायबाच्या दारात चहा प्यायला बसे.

"काका, चारदा धुतला टेम्पो, घाण काय जात न्हाई. आता लग्नाचं भाडंबी कोन देत न्हाई."

"नेत्यात कुठं एवढं लाकूड?"

"मुंबईस्नं जहाजात. परदेशात कॅन्सरचं औषध करत्यात त्याचं."

"मंग चांगलंच की. मानसं वाचत्यात." रायबा जरा घुटमळला. "पन समदीच झाडं कशापायी? बियाला चार तरी ठेवायची."

"जहाज भरलं पायजे, काका. त्यांना हितल्या बियाचं काय?"

एका हिवाळ्यात डोंगराची ती सगळी बाजू बोडकी झाली. कालपर्यंत ज्या झाडाजवळून नाक दाबून जायचे, त्याच्या बुंध्यासाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावले. शेवटी उरली ती राई. तिथली वाळकी काटकी उचलायचीसुद्धा सोय नव्हती, देवी कोपायची. मग गावच्या पुढाऱ्याला, सिद्धनाथला, भक्ती आठवली. राईतल्या नरक्याच्या बदल्यात व्यापारी देवीला पक्कं देऊळ बांधून देणार होता.

"तात्या, कौल लावा," सिद्धनाथ म्हणाला. "आईलाच इचारू."

सारं गाव जमलं. रायबानं पाकळ्या लावल्या. डावी पडली.

"नीट लागली नसंल. पुन्यांदा लावा."

पुन्हा डावीच पडली. तेव्हा सिद्धनाथनं रायबाच्या हातातल्या नव्या पाकळ्या घेतल्या. डावी त्यानं पाण्यात निथळेपर्यंत भिजवली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. उजवी कोरडीच होती, तिला नुसतं टेकवलं. रायबा हातभर अंतरावर उभा होता, त्याला सगळं दिसलं. उजवी पडली आणि गावानं काळकाईच्या नावानं चांगभलं केलं. उधळलेला गुलाल रायबाच्याही टोपीवर पडला. त्याला शिसारी आली ती नरक्याच्या घाणीची नव्हती. चांगभलं म्हणणाऱ्या त्या तोंडांची आली, आणि गप्प बसलेल्या स्वतःच्या तोंडाची तर जास्तच.

राई गेली. नुसती तोडली नाही, मुळ्यांनाही भाव होता म्हणून खणून काढली. पावसाळ्यात तो उघडा उतार चिखल होऊन खाली आला आणि झऱ्यावर बसला. देऊळ मात्र झालं. मोरीला लावतात तसल्या पांढऱ्याफेक फरश्या काळकाईच्या भिंतींना चढल्या, दारावर व्यापाऱ्याचं नाव आलं. व्यापारी पुन्हा फिरकला नाही. घ्यायला उरलं होतंच काय?

पुढच्या उन्हाळ्यात झऱ्याच्या जागी भेगा पडल्या. खाली धरणाच्या पाण्यापर्यंत म्हशी न्यायच्या तर चढताना निम्म्या वाटेत पुन्हा तहानायच्या. एकेक करत रायबानं एक ठेवून बाकीच्या विकल्या. शेवटची म्हैस वाटेतच बसली ती उठली नाही. तिची पारडी तेवढी मागं राहिली, भागूबाई धरणावरून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं पाणी तिला पाजायची.

अशात एका दुपारी सिद्धनाथ माणसं घेऊन आला. पारडी रायबाच्या मागोमाग देवळापर्यंत आली.

"तात्या, कौल लावायचाय. बोअर कुठं घ्यावं ते आईला इचारा."

रायबानं त्याच्या हातातल्या पाकळ्या घेतल्या. सवयीनं तो झऱ्याकडं वळला आणि थांबला.

"पानी?"

सिद्धनाथनं पिशवीतून बाटली काढली. दुकानातली, विकतची, सील न फोडलेली. "आनलंय की," तो म्हणाला, आणि त्याला हसूही आलं.

रायबानं बाटली घेतली. सील कडकन तुटलं. त्यानं देवीकडं पाहिलं, फरश्यांकडं पाहिलं, मग त्या सगळ्या तोंडांकडं.

"आईनं दोनदा सांगितलं व्हतं," तो मोठ्यानं म्हणाला. वाडीनं त्याचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. "तिसऱ्यांदा तू सांगितलंस, सिद्धनाथ. म्या बगितलं. बोअरचंबी तूच सांग."

पाकळ्या त्यानं कोरड्याच टाकल्या. मग उंबऱ्यात बसून ओंजळीत पाणी ओतलं आणि पारडीपुढं धरलं. सिद्धनाथ ओरडत राहिला, बाटलीचे पैसे पडलेत म्हणाला. पारडीनं बघता बघता बाटली रिकामी केली आणि अजून हवं म्हणून रायबाचे कोरडे तळवे चाटत राहिली.