गरीब म्हशीचं रक्त

माझी आत्या भांडखोर आहे, असं घरातले सगळे म्हणतात. म्हणू देत. तिच्या जागी मी असते, तर त्या माणसाला गोठ्यातच दावणीला बांधलं असतं.

आत्याकडे सहा म्हशी आहेत. त्यातली म्हातारी इतकी गरीब, की तिच्या पाठीवर मांजर झोपतं. दुसरी, तिखट, मात्र नावासारखीच. तिच्याजवळ जावं ते आत्यानंच.

लाळ-खुरकुताची लस जनावरांना लागू पडली का, हे पाहायला जनावरांच्या दवाखान्यातून एक जण रक्त घ्यायला आला. म्हातारीच्या मानेच्या शिरेतून त्यानं एक नळी भरली. मग दुसरी. मग तिसरी. अशा सहा. दोर धरून उभ्या असलेल्या आत्यानं विचारलं, "एकाच म्हशीचं एवढं रक्त कशाला हो?"

"मोठी तपासणी आहे, ताई."

बाकीच्या म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर त्यानं लांबूनच वाचले आणि नळ्यांवर लिहून टाकले. वर आत्याचा चहाही पिऊन गेला.

म्हातारीनं वर्षानुवर्षं लस टोचून घेतलेली. तिचं रक्त पास होणारच. तिच्या जिवावर अख्खा गोठा पास झाला आणि पुन्हा लस द्यायची गरज नाही, असा निरोप आला. तिखट पहिल्यांदाच व्यायलेली. तिला लस लागूच पडली नव्हती. हे कळायला रोग यावा लागला. तोंडाला लाळेच्या तारा, खुरांत जखमा. ती कशीबशी सावरली, पण तिचं रेडकू दूध पिता पिता कोसळलं ते उठलंच नाही.

म्हातारीला मात्र काहीच झालं नाही. का, ते विचारायला आत्या दवाखान्यात गेली. म्हातारीला लस लागू पडलेली, हे डॉक्टर समजावत असतानाच तिला त्या नळ्या आठवल्या आणि सगळा प्रकार लक्षात आला. तिनं तो तिथंच सांगितला. डॉक्टर म्हणाले, "चौकशी करू."

कसली चौकशी? माझं डोकं अजून फिरतं. एका बाप्याला लाथेची भीती वाटली, म्हणून रेडकानं जीव द्यायचा?

परवा सगळ्या गोठ्याचं रक्त पुन्हा घ्यायचं ठरलं. आला तोच माणूस, त्याच पेटीसह. सवयीनं तो थेट म्हातारीकडे वळला. आत्यानं तिखटला त्याच्यासमोर आणून उभं केलं.

"आधी हिचं घ्या."

"ताई, ही लाथ मारते."

"मारू दे," आत्या म्हणाली. "तिला कारण आहे."