मावशीच्या गालावरची चीर

मावशीच्या थोबाडीत मी मारली तेव्हा माझ्या हातातल्या दोन बांगड्या तिच्या गालावरच फुटल्या. साठी उलटलेली बाई. आठ महिन्यांपासून माझी पोरगी तीच सांभाळत होती. ती ओरडली नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पोरी, आधी लेकराचं बघ. मला मग मार."

आमचं गाव वाशीमकडं. नाशिकला यायचं तर अख्खी रात्र एसटीत जाते. माझी शाळा सातवीत सुटली. लग्नानंतर नवऱ्याला सातपूरला कारखान्यात काम लागलं, मग मलाही पॅकिंगला घेतलं. इथं ना सासू, ना आई. शेजारच्या खोलीतली मावशी पेठकडच्या डोंगरातली, एकटीच राहायची. पोरगी दहा महिन्यांची झाली तेव्हा ती आपणहून म्हणाली होती, "ठेव माझ्याकडं. मला दिवसभर काय काम हाय?" तिच्या जिवावर मी कामाला जात होते. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून जास्त लाज वाटते.

दोन दिवसांपासून सकाळी पोरीच्या उशीवर तपकिरी ठिपका दिसत होता. दात येत असतील, असं मी धरून चालले. तिसऱ्या संध्याकाळी कामावरून आले, पदराची पिन काढून पोतीत अडकवली (मंगळसूत्राला आम्ही पोत म्हणतो) आणि पोरीला पाजायला घेतलं. थोड्या वेळानं बाजूला केली तर तिच्या हनुवटीवर लाल ओघळ, माझ्या ब्लाउजवर डाग.

नवरा जेवत होता. ताट तसंच भिंतीवर गेलं. "दिवसभर कोनापाशी असते पोरगी?"

"मावशीपाशी."

"मंग तिनंच मारलं. अन् तू काय करत होती? तुले दिसत नाही?" असं म्हणत त्यानं माझ्या कानाखाली ओढली. कानात शिटी वाजायला लागली. ती शिटी वाजत असतानाच मी उठले आणि शेजारी जाऊन मावशीला मारलं. त्यानं मला दिलेलं मी जसंच्या तसं पुढं नेऊन दिलं. तेव्हा मात्र मला वाटत होतं की मी माझ्या लेकरासाठी भांडतेय.

"मी हात नाय लावला गं तिला," मावशी म्हणाली. "माझी नात असती तर लावला असता, हिला नाय."

घरात येऊन मी पोरीचे सगळे कपडे ओढून काढले. वळ कुठं दिसतो का बघायला तिला उलटीपालटी केली. कुठंच काही नाही. नवऱ्यानं मोबाईलची बॅटरी धरली आणि मी बोटं घालून तिचा जबडा उघडला. ती लाथा झाडत होती, मी गुडघ्यानं तिचे पाय दाबले. दीड वर्षाचं लेकरू. तोंडात नुसती लाळ आणि रक्त, जखम काही दिसेना.

पॅकिंगच्या लाइनवरच्या बाया सांगायच्या, मोठ्या दवाखान्यात असं लेकरू नेलं की पोलीस विचारतात, पोरगी काढून घेतात. खरं-खोटं मला कळत नव्हतं. सातवीपर्यंतच्या पुस्तकात हे काही नव्हतं. रक्त थोडंच येत होतं, थांबतही होतं. नवरा म्हणाला, सकाळी जाऊ. मग रात्रभर तो खोलीत फेऱ्या मारत होता, मधेच बादलीला लाथ घालत होता. आतून कुठून रक्त येतंय का, पोटातून, डोक्यातून, या विचारानं मी घडीघडी तिचं पोट चाचपत होते. पोरगी रडली की तिला गप्प करायला मी छातीशी घ्यायची. ती गप्प व्हायची. आणि घटकाभरानं पुन्हा ओठांवर लाल.

दाराच्या फटीतून मावशी दिसत होती. तिच्या उंबऱ्यावर तिथंच बसलेली.

उजाडताच रिक्षा आणली. मावशी न विचारता आमच्या आधी आत जाऊन बसली. नवरा तिच्या अंगावर धावला. ती म्हणाली, "मार. पण रिक्षावाल्याला रिक्षा चालू कर म्हण." त्याचा हात खाली आला.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं पोरीकडं बघितलं, मग माझ्या सुजलेल्या कानाकडं, मग मावशीच्या गालावरच्या चिरीकडं. चिरीतलं रक्त मावशीनं रात्रभर पुसलं नव्हतं. "घरात कोणी मारतं का?" डॉक्टरणीनं विचारलं. नवरा फरशीकडं बघायला लागला. मी पदर कानावर ओढला.

"लेकराला कोणी नाय मारलं," मावशी म्हणाली. "आमचं आम्हीच मारलंय."

बॅटरी बघून पोरगी किंचाळली. "जरा छातीशी घ्या तिला, शांत होऊ दे," डॉक्टरीण म्हणाली. मी पदराखाली घेतलं. पोरगी लागलीच माझी पोत मुठीत धरून चोखायला लागली. रोजच करायची ती. झोपताना, रडताना, पिऊन झाल्यावर.

मावशीनं झडप घालून तिचं मनगट धरलं. "थांब! ह्ये काय हाय?"

मूठ उघडली तर पोतीतल्या तीन पिनांपैकी एक. जुनी, ढिली झालेली, टोक बाहेर आलेलं. आमच्याकडं बाया पिना पोतीतच अडकवतात. माझ्या आईच्या पोतीत असायच्या, आजीच्याही. काटा काढायला, पदर लावायला हाताशी हव्यात म्हणून. त्यात कधी काही वाटलंच नाही. दुसऱ्याच्या घरात मी गुन्हेगार शोधत होते, आणि हत्यार माझ्या गळ्यात होतं.

ओठ उलटवून डॉक्टरणीनं दाखवलं. आतल्या बाजूला चार-पाच टोचे, एक हिरडीवर. पोटात काही गेलं नाही ना म्हणून फोटो काढला. काही नव्हतं. ती मला रागावली नाही. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. तिनं मावशीची चीरही स्वतः धुतली.

नवऱ्यानं ती पिन घेतली आणि बाहेर पायरीवर दगडानं ठेचत बसला. चपटी झाली तरी ठेचत होता.

मी मावशीचे पाय धरले. तिनं पाय काढून घेतले. "सुट्टी टाकू नकोस," एवढंच म्हणाली. "उद्या घेऊन ये तिला."

गालावर पांढरी रेघ राहिली आहे. पोरगी तिच्या मांडीवर बसून त्या रेघेवरून बोट फिरवते. सकाळी मी पोरगी देते, मावशी घेते. पण संध्याकाळी मी न्यायला गेले की आधी मला उंबऱ्यावर थांबवते, माझ्या गळ्यात हात घालते, पोतीचा एकेक मणी बोटांनी चाचपते, मागच्या गाठीपर्यंत. मी मान खाली घालून उभी राहते. तिची खात्री पटली की मग ती माझी पोरगी माझ्याकडं देते.