अर्व्हिलच्या फळ्या

डोंगरावरचं धुकं वर सरकलं, तसा केंटकीच्या त्या अरुंद खोऱ्यातला होबर्टकाकांचा ओटा उजेडात आला. ओट्यावर एक कुरकुरणारी खुर्ची, रंध्याची सालपटं, आणि मधोमध चादरीत गुंडाळलेला नवा डल्सिमर, मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य. पायवाटेनं झेल्फा गेहार्ट वर येत होती. अंगावर काळे कपडे, हातात हंसाचं पीस.

त्या डल्सिमरचं लाकूड तिनंच आणून टाकलं होतं. अक्रोडाच्या लांब फळ्या. तिच्या नवऱ्यानं, अर्व्हिलनं, त्या स्वतःच्या शवपेटीसाठी राखल्या होत्या. खोऱ्यातले जाणते बाप्ये राखतातच. दर वसंतात माळ्यावर चढून तो त्या उलटवून ठेवी, वाकू नयेत म्हणून, आणि वरूनच ओरडे, "झेल्फे, माझा पलंग झकास आहे गं!"

"आधी पोट आवर," ही खालून म्हणे. "नाहीतर लोक झाकणावर बसून खिळे ठोकतील."

मग मार्चमध्ये खाणीत आग लागली. अडकलेले वर आलेच नाहीत. आग विझावी म्हणून खाणीचं तोंड विटा-मातीनं बुजवून टाकलं. अर्व्हिल आतच राहिला. चर्चमागच्या टेकडीवर त्याच्यासाठी खड्डाही खणला गेला नाही, पुरायचं काय? फळ्या माळ्यावर तशाच.

तिनं त्या आणल्या तेव्हा होबर्टकाकांनी हात मागे घेतला होता. खोऱ्यातल्या शवपेट्या तेच करत आणि डल्सिमरही तेच. पण एकाचं लाकूड दुसऱ्याला त्यांनी कधी लावलं नव्हतं.

"मढ्याच्या लाकडातून गाणं काढू? नाही जमायचं, पोरी."

"मढं कुठाय, काका?" ती म्हणाली होती. "मला मांडीवर घ्यायला त्याचं काहीतरी द्या."

म्हाताऱ्यानं फळ्या आत ओढून घेतल्या.

आज तिनं चादर सोडली. गडद, गुळगुळीत लाकडावरून तळवा फिरवला, झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. डल्सिमर मांडीवर आडवा घेतला, डाव्या हातानं सूर धरायची काडी तारेवर टेकवली आणि पिसानं तारा छेडल्या. अर्व्हिल ज्या चालीवर स्वयंपाकघरात पाय आपटत नाचायचा, तीच चाल.

आवाज कसला! भिंतीपलीकडून कुणी ठोकावं, तसा दबलेला. तिनं वाकून पाहिलं. आवाज बाहेर पडावा म्हणून काका प्रत्येक डल्सिमरच्या अंगावर बदामाच्या आकाराची चार भोकं कोरत. यावर एकही नव्हतं.

"काका, भोकं राहिली की!"

"राहिली नाहीत. मुद्दाम नाही पाडली." ते तिच्याकडे बघेनात. "माझी आजी सांगायची, शवपेटीच्या लाकडाला भोक ठेवू नये. जीव बाहेर पडतो अन् भटकत राहतो. म्हटलं, अर्व्हिलला तेवढी तरी शांती लाभू दे. चुकलं का गं माझं?"

खाण बुजवली त्या दिवशी झेल्फा रडली नव्हती. आता थेंब टपटप अक्रोडावर पडू लागले. लाकडाला डाग पडेल म्हणून काका सवयीनं चिंधी घेऊन धावले आणि अर्ध्यातच थांबले. तिनं सालपटांतली त्यांची कोरायची सुरी उचलली, त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं सुरीच्या मुठीवर मिटवली.

"पाडा भोकं, काका. भटकू दे त्याला. भटकत भटकत घरी तरी येईल."