सहा नंबरचा दस्ता

नऊ वर्षं ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली नव्हती. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढे हात जोडून उभा असतानाही नाही. तिथेही मी दुसरंच काहीतरी मागत राहिलो. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा बोललो आणि आता तुम्हाला सांगायला बसलोय. मध्ये मध्ये अडखळेन. पण या वेळी शेवटपर्यंत सांगायचं ठरवलंय.

मी शारजात राहतो. एका शूटिंग क्लबमध्ये रायफलींची देखभाल करतो. त्याआधी सहा वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचो. ठोकलेली गाडी यायची. मी पुट्टी भरून, घासून, रंग मारून ती अशी करायचो की मालकालाही कुठे ठोकली होती ते सापडू नये. त्या कामात माझा हात चांगला होता — हे आधीच सांगून ठेवतो.

त्या गॅरेजमधून मला बाहेर काढलं कदमकाकांनी. साताऱ्याकडचे, फौजेत हत्यारांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले आणि क्लबच्या शस्त्रागाराचे प्रमुख. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मॅनेजरकडे त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. एसीतली नोकरी, फॅमिली व्हिसा — स्मिता आणि आमची पाच वर्षांची ईशा इथे येऊ शकल्या त्या त्यांच्यामुळे. हे सगळं मला माहीत होतं. त्या दिवशीसुद्धा माहीत होतं.

क्लबमध्ये लहान मुलांसाठी आठ एअर रायफली होत्या, छर्ऱ्याच्या. त्यांचे दस्ते सिंथेटिक. दस्ता म्हणजे रायफलचा तो भाग, जो हातात धरतात आणि खांद्याला, गालाला टेकवतात. वापरून वापरून ते पांढुरके, ओरखडलेले झाले होते. ज्युनियर स्पर्धा जवळ आली तेव्हा मॅनेजर म्हणाला, सगळे एकाच रंगाचे पाहिजेत, गडद निळे. बाहेर द्यायचे तर तीन आठवडे लागणार होते. मी म्हटलं, मी घरी करून आणतो, शनिवारपर्यंत. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. मला दाखवायचं होतं की हे फक्त मलाच जमतं.

नळ्या आणि आतली यंत्रं क्लबच्या कपाटात कुलपात राहिली. गेटवर कागद दाखवून मी नुसते आठ दस्ते घरी आणले. प्रत्येकावर आतल्या बाजूला नंबर होता.

शुक्रवारी सकाळी बाल्कनीत बसलो. आधी साबणाच्या पाण्याने धुतले, मग पॉलिश पेपरने घासले, थिनरने पुसले. प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून खास प्रायमर मारला. जिथे रंग नको तिथे टेप लावली. मग कपडे वाळत घालायच्या स्टँडवर तारेने आठही टांगले आणि स्प्रेचा डबा हलवायला घेतला. मे महिना होता. इथल्या उन्हात रंग दस्त्यापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि वर पिठासारखा खरखरीत बसतो. म्हणून भल्या सकाळी, वीतभर अंतरावरून, पातळ पातळ थर द्यायचे. तिसऱ्या थरानंतर वारा सुटला, धूळ घेऊन. ओला रंग, त्यात धूळ — सगळं परत घासावं लागलं असतं. मी स्टँड तसाच उचलून आत ओढायला गेलो. त्याचा पाय दाराच्या पट्टीला अडकला, मी झटका दिला आणि टोकाचा दस्ता तारेतून निसटून फरशीवर पडला.

आतून स्मिताने विचारलं, "काय पडलं रे?"

"काही नाही, डबा," मी म्हणालो.

बघा, किती सोपं असतं ते. विचारही करावा लागला नाही.

सहा नंबरचा होता तो. मुठीच्या मागे दस्ता जिथे बारीक होतो, त्याला आम्ही मान म्हणतो. तिथे केसासारखा तडा गेला होता. बोटाने दाबलं की किंचित उघडायचा. मला ठाऊक होतं की असा दस्ता बाद करायचा असतो. क्लबला सांगायचं, नवा मागवायचा, स्पर्धेला सात रायफलींवर भागवायचं. एवढंच तर होतं. कोण फाशी देणार होतं मला? पण मी डोळ्यांसमोर मॅनेजरचा चेहरा आणला. आणि त्याहून जास्त — कदमकाकांचा. 'घरी कशाला नेलेस?' असं ते म्हणाले असते. तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

मग मी तेच केलं ज्यात माझा हात चांगला होता. तडा थोडा रुंद केला, त्यात करडी इपॉक्सी पुट्टी भरली, वाळल्यावर घासली. प्रायमर, मग निळ्याचे चार थर, वरून मॅट लॅकर. आठांमध्ये तोच सगळ्यात देखणा झाला. खोटं सांगत नाही, मला त्याचा अभिमान वाटला होता. हे कबूल करणं मला पुट्टीच्या कबुलीपेक्षाही जड जातंय.

शनिवारी कदमकाकांनी एकेक रायफल जोडून तपासली. त्यांची पद्धत मला पाठ होती: डोळ्याने, मग अंगठ्याने, मग कानाजवळ धरून टिचकी. सहा नंबरला त्यांनी दोनदा टिचकी मारली.

"याचा आवाज जरा बसका येतोय. काय केलंयस का याला?"

"नाही काका. रंगाचा एक थर जास्त झालाय."

ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मी नजर खाली घातली नाही — तेही मला जमलं. "बरं," म्हणाले आणि रजिस्टरमध्ये सही केली. माझ्या शब्दावर.

स्पर्धा झाली. फोटो निघाले. निळ्या रायफलींचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला वाटलं, संपलं. यल्ला, चला, पुढचं काम.

दोन महिन्यांनी संध्याकाळच्या सरावाला रीम नावाची मुलगी सहा नंबर घेऊन उभी होती. इजिप्शियन कुटुंबातली, तेरा वर्षांची, आमच्या ज्युनियर मुलींमध्ये सगळ्यात शांत हाताची. तिने रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि मानेतून दस्ता मोडला. पुढचा जड भाग खाली गेला आणि मागच्या तुकड्याची धार तिच्या गालात घुसली. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. ती ओरडली नाही. हातात रक्त धरून नुसती आईला शोधत राहिली.

टाके पडले. डोळा वाचला. पण त्यानंतर ती क्लबमध्ये आली नाही. तिचे वडील एकदा तिचे शूटिंगचे बूट न्यायला आले होते. मी ते लॉकरमधून काढून त्यांच्या हातात दिले. ते मला 'थँक यू' म्हणाले.

चौकशी झाली. मॅनेजरने रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मिस्टर कदम, ही सही तुमची?"

"येस सर."

"तुम्ही तपासली होती?"

"येस सर. तपासली होती."

मी शेजारच्या खुर्चीत होतो. हात लांब केला असता तर त्यांच्या बाहीला लागला असता. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होतो. अरबी बाजू — मला अरबी वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ते शस्त्रागारात मोडलेले तुकडे पिशवीत भरत होते. मला हाक मारली. मोडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश. निळ्या रंगाखाली, काळ्या प्लास्टिकमध्ये ती करडी रेघ स्पष्ट दिसत होती. मला दिसत होती, म्हणजे त्यांनाही.

"सुनील, काय सांगायचं आहे का तुला?"

"नाही काका."

त्यांनी पिशवीला गाठ मारली.

त्यांना काढलं. पत्रात 'बेफिकीर' हा शब्द होता. फौजेतली वीस वर्षं आणि इथली अकरा वर्षं — आणि शेवटी तो एक शब्द. त्या शब्दामुळे दुबईतल्या कुठल्या क्लबनेही त्यांना घेतलं नाही. दहा दिवसांत ते गावी गेले. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. बॅग मी उचलली. विचार करा — बॅग मी उचलली.

पुढच्या महिन्यात त्यांची जागा मला मिळाली. मॅनेजरने किल्ल्या दिल्या, मी दोन्ही हातांनी घेतल्या.

इथेच थांबलो तर तुम्ही म्हणाल, भित्रा होता बिचारा. पण याच्या पुढचं जास्त वाईट आहे. दरवर्षी नव्या लोकांना सुरक्षेचं ट्रेनिंग मी देतो. त्यात एक उदाहरण आहे: एका कर्मचाऱ्याने नीट न बघता सही केली आणि एका मुलीला इजा झाली. नाव घेत नाही मी. पण ते उदाहरण मी स्वतः ट्रेनिंगमध्ये घातलंय. आठ वर्षं सांगतोय. सांगताना मध्ये कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, हेसुद्धा आता बसलंय.

गेल्या महिन्यात नव्या बॅचमध्ये मनिलाहून आलेली जोसलिन नावाची बाई होती, चाळिशीची. तिने हात वर केला. "सर, त्यांनी बघितलंच नव्हतं, की बघूनही दिसलं नव्हतं?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बघितलं नव्हतं." आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. तिचं पेन चालत होतं आणि मला समजलं की ही बाई हे पुढे दुसऱ्या कुणालातरी सांगेल. माझ्यानंतरही कदमकाका बेफिकीरच राहतील.

ट्रेनिंग संपलं आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, कायमच होता. व्हॉट्सअ‍ॅप कॉल इथून लागत नाही, साधा फोन लावला.

"काका, मी सुनील. शारजातून."

"हां. बोल."

बोललो. स्टँड, फरशी, पुट्टी, चार थर, सगळं. पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

"पुट्टी माझ्या बोटाला लागली होती," शेवटी ते म्हणाले. "मला काय नवीन सांगतोस?"

"मग तुम्ही तेव्हा का नाही —"

"तू बोलशील म्हणून थांबलो. दहा दिवस थांबलो. मग विमानात बसलो."

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी तोडलं.

"माफी राहू दे. तुझ्या शब्दावर सही केली, ती चूक माझी. ती मी तिथंच मान्य केली. पण बेफिकीर मी नव्हतो. मला फोनवर सांगून काय करू? जिथं ते लिहिलंय, तिथं लिहून दे."

आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. स्मिता एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुला, काय पडलं म्हणून." ईशा आता चौदा वर्षांची आहे. तिने फक्त विचारलं, "सो व्हॉट आर यू गोइंग टू डू, बाबा?"

मी पत्र लिहायला बसलो. इंग्रजीत लिहायचं होतं, म्हणून तपासायला ईशाला दिलं. स्पेलिंगं तिने सुधारली. मग एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं की रंगकामाच्या दरम्यान दस्त्याला तडा गेला.

"तडा गेला? ऑर यू ड्रॉप्ड इट?"

नऊ वर्षांनंतर, कबुली देतानाही, मी तो तडा आपोआप गेल्यासारखा लिहिला होता. ती ओळ खोडली. लिहिलं: माझ्या हातून पडला. पुढची खोडली आणि लिहिलं: मी तडा लपवला. कदम यांनी मला विचारलं, मी खोटं बोललो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा खोटं बोललो. त्यांनी सही माझ्या शब्दावर केली. पत्राची एक प्रत रीमच्या घरच्यांना द्यावी, असंही लिहिलं. त्यांचा पत्ता क्लबकडे आहे.

काल सकाळी ते मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. आता मॅनेजर दुसरा आहे, तरुण आहे. त्याने दोनदा वाचलं, विचारलं, "आर यू शुअर? हे एकदा फाइलमध्ये गेलं की गेलं." मी शुअर म्हणालो. नोकरी जाईल, कदाचित व्हिसाही. स्मिताने ईशाच्या शाळेची कागदपत्रं एका फाइलमध्ये काढून ठेवली आहेत. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर नव्या बॅचला पुन्हा बोलावलं. जोसलिन पहिल्या रांगेत होती. मी म्हणालो, मागच्या वेळी एक गोष्ट चुकीची सांगितली, वह्या काढा. त्या माणसाने बघितलं होतं. त्याने आवाजावरून ओळखलं होतं. त्याने विचारलं होतं आणि ज्याला विचारलं तो खोटं बोलला. तो मी.

जोसलिनने पान उलटून मागचं वाक्य शोधलं, त्यावर रेघ मारली आणि खाली नवीन लिहायला घेतलं. तिचं लिहून होईपर्यंत मी उभा राहिलो.